पाय धुण्यासाठी बारा जण हवेत

पवित्र गुरुवारी संध्याकाळी विश्रांतवाडीच्या त्या छोट्या चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतले जातात, आणि ते बारा जण गोळा करण्याचं काम गेली एकोणीस वर्षं उत्तरेश्वर साळवे करत होते. काम दिसतं तितकं सोपं नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या दिवशी फादर कमरेला टॉवेल बांधतात, गुडघे टेकतात आणि बारा माणसांचे पाय धुतात. प्रभूच्या वेळी शिष्य निदान आयते समोर बसलेले होते. विश्रांतवाडीत एकेकाला फोन करावा लागे. कुणाच्या टाचांना भेगा, कुणाचं नख काळं, कुणाला फादरांनी पायाला हात लावला तर पाप लागेल अशी धास्ती. जे तयार होत ते घरून तीन वेळा साबण लावून, नखं कापून, पावडर मारून येत. त्यामुळे फादरांच्या वाट्याला दरवर्षी आधीच धुतलेले पाय यायचे.

स्वतः उत्तरेश्वर त्या बारांत कधीच बसले नव्हते. कुणी आग्रह केलाच तर, "मी व्यवस्थेत आहे," एवढं सांगून ते खुर्च्या सरळ करायला लागत.

खरं कारण त्यांच्या बुटात होतं. चौतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठ्यात चावी फिरवण्याचं काम केलं. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं हे त्यांच्या हातात असे, आणि पाय मात्र रस्त्याखालच्या खड्ड्यातल्या गार पाण्यात असत. निवृत्त झाले तेव्हा शहराने त्यांना शाल दिली आणि पाण्याने त्यांना पाय दिले. वाकडी बोटं, पिवळी नखं, पांढरी पडलेली कातडी. असे पाय दाखवायचे नसतात असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. घरातसुद्धा ते मोजे घालून हिंडत.

या वर्षी तर मोज्याच्या आत आणखी एक गोष्ट होती. उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या खाली, तीन आठवड्यांपासून एक जखम होती आणि ती भरत नव्हती. उत्तरेश्वरांना साखरेचा आजार. डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज कुणाकडून तरी तळपाय बघून घेत जा. बायको मंदाकिनीबाई बघायला तयार होत्या, पण एक तर त्यांना मोतीबिंदू आणि दुसरं म्हणजे उत्तरेश्वर पाय हाती लागू देत नव्हते. थोरल्या भावाचं असंच झालं होतं. आधी बोट काढलं, मग पाऊल, आणि मग भाऊच गेला. तेव्हापासून दवाखाना म्हणजे कापाकापी हे उत्तरेश्वरांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. जखमेवर हळद दाबायची, वर चिंधी, वर मोजा, आणि चालताना लंगडणं दिसलंच तर बुटाला दोष द्यायचा.

"नवीन बूट चावतोय," ते म्हणाले.

"तीन वर्षं झाली त्या बुटाला," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आत्ता दात आले का?"

त्यातच चर्चला नवीन फादर आले. फादर आमोद, वय चौतीस, बोलणं गोड आणि उत्साह अनावर. त्यांनी पवित्र गुरुवारच्या आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारी वेदीवरून सांगितलं, "या वर्षी नुसतं बघत बसू नका. प्रभू खाली वाकला. आपणही वाकायला शिकू या." मिस्सा, म्हणजे उपासना, संपल्यावर ते उत्तरेश्वरांना म्हणाले, "काका, दरवर्षी तेच बारा जण नकोत. नोटीस लावा. ज्यांना मनापासून यायचंय ते येतील."

नोटीस म्हटल्यावर उत्तरेश्वरांच्या अंगात आलं. कमी शब्दांत स्पष्ट लिहावं तर आपणच, असा त्यांचा समज होता आणि तो आजवर कुणी खोडून काढला नव्हता. त्यांनी फळ्यावर कागद लावला. "पवित्र गुरुवार, सायंकाळी सहा. पाय धुण्यासाठी बारा जण हवेत. इच्छुकांनी खाली नाव लिहावे. बारा झाल्यावर तेरावे लिहू नये." सवयीने आणखी एक ओळ घातली, "गुरुवारी पाणी बंद आहे, याची नोंद घ्यावी." पुण्यात पाइपलाइनची दुरुस्ती निघते ती गुरुवारी, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

अर्ध्या तासात बारा नावं भरली. तेरावं नाव कुणीतरी लिहून, नोटीस पुन्हा वाचून, खोडलं होतं. उत्तरेश्वर कागदासमोर उभेच राहिले. एकोणीस वर्षं हातापाया पडून जी माणसं मिळत नव्हती ती रांग लावून आली होती.

"बघितलंस?" घरी येऊन ते म्हणाले. "लिहायची पद्धत असते."

"तुमचं नाव लिहिलंत का?"

"मी व्यवस्थेत आहे."

मंदाकिनीबाईंनी कुकरचं झाकण जरा जोरातच लावलं.

गुरुवारी साडेपाचला उत्तरेश्वर चर्चच्या दारात उभे होते. बुधवारीच त्यांनी एक पिंप भरून ठेवलं होतं. पाणी बंद म्हणून विधी अडला असता तर जन्मभराच्या नोकरीला काळिमा लागला असता. तेवढ्यात सुदर्शनची रिक्षा आली. मागच्या सीटवर माणसं नव्हती, प्लास्टिकने तोंडं बांधलेल्या चार बादल्या होत्या.

"जय ख्रिस्त, काका," सुदर्शन म्हणाला. "पाणी बंद म्हणून घरचंच आणलं. शेजारच्या तिघांचंही मीच घेतलं."

उत्तरेश्वरांना भरून आलं. लोक नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात हे त्यांना प्रथमच समजत होतं. मग यमुनाबाई आल्या. त्या चार घरी पोळ्या लाटायच्या, एकट्या राहायच्या. त्यांच्या हातात कळशी होती आणि पिशवीत वज्री. हडपसरच्या आयटीतला तेजस एक फुगवायचा टब घेऊन आला. "काका, फूट स्पा आहे. ऑनलाइन मागवला. सॉल्टपण आहे, एकदम जेंटल." सात वाजता ड्यूटी संपणारी नर्स दीपमाला आज लवकर सुटून आली होती, तिच्याकडे स्वच्छ पांढरे टॉवेल होते, इस्त्री करून आणलेले. लोक आपापले पाय धुवायची सगळी तयारी घेऊन आले आहेत असं उत्तरेश्वरांना वाटलं, आणि फादरांचे कष्ट वाचले याचा आनंदही झाला.

मिस्सा सुरू झाली. वाचन झालं, प्रवचन झालं. वेदीसमोर उत्तरेश्वरांनी बारा खुर्च्या दोरी धरल्यासारख्या सरळ मांडल्या होत्या. फादर आमोदांनी वरचा झगा उतरवला, कमरेला टॉवेल बांधला आणि म्हणाले, "निवडलेल्या बारा जणांनी पुढे यावं."

बारा जण उठले. बादल्या, कळशी, फुगवलेला टब घेऊन पुढे आले आणि एकेका खुर्चीसमोर गुडघे टेकून बसले. खुर्च्या रिकाम्या राहिल्या. तांब्या आणि घमेलं घेऊन फादर तेरावे उभे होते. गायनवृंदाने पहिलं कडवं संपवलं, दुसरं संपवलं, मग पेटीवाल्याने मान उंच करून पाहिलं आणि पेटी बंद केली.

फादर उत्तरेश्वरांजवळ सरकले. "काका, पाय कुठे आहेत?"

"समोर आहेत की," उत्तरेश्वर म्हणाले, आणि मग त्यांनाही दिसलं. ते घाईने पुढे झाले. "अहो सुदर्शन, खाली काय बसलात? खुर्चीवर बसा."

"खुर्चीवर ज्यांचे धुवायचे ते बसणार ना?"

"ते तुम्हीच."

"मी? काका, नोटीस तुमचीच. पाय धुण्यासाठी बारा जण हवेत. धुवून घेण्यासाठी असं कुठं लिहिलंय?"

उत्तरेश्वरांनी मनातल्या मनात नोटीस वाचली. दोनदा वाचली. सुदर्शनचं एक अक्षर चुकत नव्हतं. चौतीस वर्षं ज्याने कुठली चावी कुठे फिरवायची ते चुकवलं नाही, त्याने एका क्रियापदात सगळं पाणी उलट दिशेला सोडलं होतं.

"बरं, झालं ते झालं," ते कुजबुजले. "आता बसा. यमुनाबाई, तुम्ही तरी."

"मी वर आन फादर खाली?" यमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला. "नाय बाबा. मी धुवाया आलेय. जल्मात कुणी माझं पाय धुतलं नाय, आन आता फादरांकडनं धुवून घिऊ? पाप लागंल."

"काका, मी बसलो असतो," तेजस म्हणाला, "पण आय मीन, माझे पाय फारच नॉर्मल आहेत. त्यात सेवा काय?"

एकही हलेना. ही सगळी माणसं दिवसभर कुणा ना कुणाचं काही करून आली होती आणि रात्री पुन्हा करणार होती. वाकायचं म्हटलं तर एका हाकेला बारा. बसायचं म्हटलं तर सगळ्यांची मान खाली. फादरांनी मग बाकांकडे वळून विचारलं, "यांच्यापुढे कोण बसेल? कुणीही चालेल." त्याबरोबर चर्चमधल्या दोन-अडीचशे लोकांचे पाय एकदम बाकाखाली गेले.

मग फादर उत्तरेश्वरांकडे बघून हसले. "काका, तुम्ही सुरुवात करा."

"मी व्यवस्थेत आहे."

"व्यवस्थेलाही पाय असतातच की."

लोक हसले. तिसऱ्या बाकावरून मंदाकिनीबाईंचा आवाज आला, "बसा ना एकदाचं." त्या आवाजाला एक्केचाळीस वर्षांचा अनुभव होता. उत्तरेश्वर पहिल्या खुर्चीवर बसले. डावा बूट काढला, डावा मोजा काढला आणि डोळे मिटून डावा पाय पुढे केला. कुणीतरी शिसारीने तोंड फिरवेल, याची ते वाट बघत होते. कुणी फिरवलं नाही.

"उजवा धुतात, काका," फादर हळूच म्हणाले.

"डावा जास्त मळलाय."

फादरांनी डावा धुतला, पुसला, त्याचं चुंबन घेतलं आणि उठायला लागले. पण सुदर्शन बादलीसकट सरकून पुढे आला होता. एवढं पाणी येरवड्याच्या सिग्नलवरून सांडू न देता आणलेलं, ते परत न्यायचं का? त्याच्यामागे बाकीचे रांगेत आले. पाय एकच, धुणारे बारा. फादरांनी हात जोडले आणि बाजूला झाले.

सुदर्शनने रिक्षा धुतो तसा सपासप धुतला. यमुनाबाईंनी कळशीतलं कोमट पाणी ओतलं आणि टाच वज्रीने अशी हळुवार घासली की उत्तरेश्वरांना आईची आठवण झाली. तेजसने पाय टबात बुडवून बटण दाबलं. टब घुरघुरला आणि पहिल्या बाकापर्यंत पाणी उडालं. फरशीवरून ओघळ वाहू लागला तसा उत्तरेश्वरांचा जीव खालीवर झाला. गुरुवारी, पाणी बंद असताना, एका माणसाच्या एका पायावर किती हे पाणी. त्यांनी दोनदा "पुरे, पुरे" म्हटलं, पण त्यांचं कोण ऐकतो? आपल्याला किळस न करता इतक्या लोकांनी हात लावला याचं त्यांना मनापासून नवल वाटत होतं, आणि थोडी लाजही. त्या गडबडीत सातवी दीपमाला समोर कधी आली ते कळलंच नाही.

दीपमालाने काही विचारलं नाही. हट्टी पेशंटचे मोजे काढण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. तिने उजव्या टाचेला हात घातला, दुसऱ्या हाताने बूट ओढला आणि उत्तरेश्वर "अगं, तो नको" म्हणेपर्यंत मोजा तिच्या हातात होता. हळदीने पिवळी झालेली चिंधी तिने टॉवेल ओला करून अलगद सोडवली.

"काका, हे किती दिवसांचं आहे?"

"कशाचं?"

"मी काय विचारतेय ते तुम्हाला कळलंय."

उत्तरेश्वर तिच्या कानाशी वाकले आणि कुजबुजले, "तीन आठवडे. पण आमच्या हिला सांगू नकोस."

फादर आमोद काळजीने त्यांच्या अगदी शेजारी येऊन उभे राहिले होते आणि त्यांच्या गळ्याशी माइक लावलेला होता. "तीन आठवडे. पण आमच्या हिला सांगू नकोस," हे वाक्य वेदीपासून बाहेरच्या मंडपापर्यंत चारही कर्ण्यांतून स्वच्छ ऐकू गेलं.

तिसऱ्या बाकावरून मंदाकिनीबाई उठल्या. त्या पुढे आल्या. "सरक गं," त्या दीपमालाला म्हणाल्या आणि दुखरे गुडघे एकेक करून फरशीवर टेकले.

"काकू, जखमेवर पाणी नको," दीपमाला म्हणाली. "बाजूनं पुसा."

मंदाकिनीबाईंनी टॉवेल घेतला. त्यांना जखम नीट दिसत नव्हती. त्या बोटांनी चाचपत कडेकडेने पुसत राहिल्या. "मोठी आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"वेळेत दिसली, काकू."

"नवीन बूट," मंदाकिनीबाई म्हणाल्या. एक्केचाळीस वर्षांत या माणसाने त्यांना आपल्या पायाला हात लावू दिला नव्हता, आणि आज लावू दिला तोही अडीचशे लोकांसमोर. उत्तरेश्वरांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यांच्याकडे आता काही उरलंच नव्हतं.

यमुनाबाई हे सगळं कळशी धरून बघत होत्या. मग त्यांनी कळशी खाली ठेवली, आपल्या भेगाळलेल्या पायांकडे पाहिलं, आणि कुणीही न सांगता दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसल्या. "या फादर," त्या म्हणाल्या. "लागलं पाप तर लागू द्या." फादर लगबगीने घमेलं घेऊन गेले. यमुनाबाईंनंतर तेजस बसला, सुदर्शन बसला, मग बाकांवरची माणसं उठून यायला लागली. धुणारे बसले, बसलेले धुवायला वाकले. त्या दिवशी मिस्सा तासभर लांबली आणि पिंपाच्या तळाला तांब्याभर पाणी उरलं.

त्याच रात्री उत्तरेश्वर सुदर्शनच्या रिक्षाने दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी जखम साफ केली आणि म्हणाले की आणखी आठवडा गेला असता तर बोट काढावं लागलं असतं. आता काही काढायचं नाही. फक्त रोज पाय स्वच्छ करून पट्टी बदलायची, आणि पाय उचलून बसून राहायचं.

मंदाकिनीबाईंना पट्टी दिसणार नव्हती. उत्तरेश्वर म्हणाले, "माझं मी करीन." ते वाक्य कुणी हिशेबात धरलं नाही. रविवारी, पुनरुत्थानाच्या मिस्सेनंतर, त्या बारा जणांनी फळ्याशी उभं राहून एक यादी केली. "आम्हाला पाय धुण्यासाठीच बोलावलं होतं ना? मग काम अर्धं का सोडायचं?" सुदर्शन म्हणाला. दीपमालाने सगळ्यांना पट्टी बांधायला शिकवलं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या पाळ्या लावल्या त्याच्याच उजव्या पायाच्या पाळ्या लागल्या. रोज सकाळी सात वाजता.

पहिला आठवडा उत्तरेश्वरांना जड गेला. कुणी वाकलं की ते उठायला बघत, "अहो, मी करतो," म्हणत. फादर एकदा समोर बसून म्हणाले, "काका, चौतीस वर्षं तुम्ही पाणी सोडलंत, लोकांनी घेतलं. आता लोक सोडतायत, तुम्ही घ्या. हेही कुणीतरी करावं लागतं." उत्तरेश्वरांना ते पटलं नाही, पण पाय त्यांनी ओढून घेतला नाही.

हळूहळू पाय धुण्याचं काम पाच मिनिटांचं आणि बसणं तासाभराचं व्हायला लागलं. यमुनाबाई पट्टी झाली की मंदाकिनीबाईंबरोबर चहा घेत आणि घरी बोलायला कुणी नाही म्हणून साठलेलं सगळं बोलून जात. रात्रभर अमेरिकेशी बोलून दमलेला तेजस आपल्या पाळीला पोहे खाऊन तिथेच सोफ्यावर झोपे. धाकट्या भावाशी अबोला धरलेला सुदर्शन पाय पुसता पुसता भावाचा विषय काढी, आणि उत्तरेश्वर आपल्या गेलेल्या भावाचं सांगत. एका सोमवारी सुदर्शन भावालाच घेऊन आला, बादली धरायला.

मे महिना संपत आला तेव्हा पुन्हा दीपमालाची पाळी आली. तिने पट्टी सोडली, पाय उजेडाकडे वळवला, अंगठ्याखाली बोट दाबून पाहिलं. कातडी गुलाबी आणि घट्ट झाली होती.

"काका, ही तर भरलीय."

"हळू बोल."

"अहो, आठ-दहा दिवस झाले असतील भरून. कुणी बोललं नाही?"

"कुणाला फारसं कळत नाही," उत्तरेश्वर म्हणाले. "निदान तसं दाखवत नाहीत." त्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. मंदाकिनीबाई दुसऱ्या दिवसासाठी दाणे भाजत होत्या. यमुनाबाईंना दाण्याचा लाडू आवडतो.

"म्हणजे पुन्हा लपवाछपवी?"

"तेव्हा लपवली ती माझ्यासाठी होती गं."

दीपमालाने पिशवीतून कोरी पट्टी काढली, बऱ्या झालेल्या पायाला नीट, सैल न घट्ट अशी बांधली आणि टोक आत खोचलं.

"उद्या कोण?" तिने विचारलं.

"यमुनाबाई. सातला."

"मग जरा लंगडा," ती म्हणाली. "काल तुम्ही जिन्यावरून पळत उतरलात. अख्ख्या सोसायटीनं बघितलंय."